तेवीस शेऱ्यांच्या मुळाशी

पत्र: मी भांडुपला राहते आणि बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षात शिकते. लिंक्ड लिस्ट वापरून कितीही मोठ्या संख्यांची बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करणारा प्रोग्रॅम मी सी भाषेत लिहिला. प्रॅक्टिकलला तो चालला आणि जर्नलवर सहीही झाली. मग हौसेने तो मावसभावाला पाठवला. दादा ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याच्याकडून २३ शेरे परत आले. उत्तर बरोबर येत असताना इतक्या चुका कशा निघतात? आता एकेक शेरा दुरुस्त करत बसू, की सगळे नव्याने लिहू? प्रोग्रॅम आणि शेरे सोबत जोडले आहेत.
— एक विद्यार्थिनी, भांडुप

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रोग्रॅमची छापील प्रत मी ठाण्याहून सीएसएमटीला जाणाऱ्या धीम्या लोकलमध्ये पेन्सिल घेऊन वाचली. भांडुप येईपर्यंत माझी बेरीज समजून झाली होती आणि वजाबाकीत अडकलो तो थेट दादरपर्यंत. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्या पोटात आहे. शेरे क्रमाने एकेक दुरुस्त करू नका. ते तेवीस दिसत असले तरी दोष तेवीस नाहीत. माझ्या मोजणीप्रमाणे त्यांतले ११ शेरे एकाच उणिवेतून निघाले आहेत: 'संख्या' म्हणजे नेमके काय, हे तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुठेही ठरवून लिहिलेले नाही.

हे जरा जवळून पाहू. वापरणाऱ्याने ४७३८ टाइप केले की तुम्ही आलेला प्रत्येक अंक यादीच्या शेवटी जोडता, त्यामुळे पहिल्या नोडमध्ये (एक अंक आणि पुढच्या नोडचा पत्ता ठेवणाऱ्या घरात) ४ आणि शेवटच्या नोडमध्ये ८ जाऊन बसतो. ९६५ चेही तसेच होते. बेरीज मात्र आपण एककापासून करतो, म्हणजे ८ आणि ५ समोरासमोर यायला हवेत आणि तुमच्या याद्यांच्या तोंडाशी तर ४ आणि ९ उभे आहेत. म्हणून तुम्ही दोन्ही याद्या उलट्या करता, बेरीज करता आणि उत्तराची यादी पुन्हा उलटी करता. उलटे करण्याने मूळ याद्या बिघडतात, हे वजाबाकी चुकू लागल्यावर तुमच्या लक्षात आले असावे, कारण पुढे प्रत्येक क्रियेआधी तुम्ही दोन्ही याद्यांच्या प्रती काढू लागलात. त्या प्रती काम झाल्यावर मोकळ्या करायच्या राहिल्या. दादाने प्रतींवर वेगळे शेरे मारले आहेत, उलटे करण्याच्या फंक्शनवर वेगळे आणि मोकळ्या न केलेल्या मेमरीवर आणखी वेगळे. त्याच्या जागी त्याचे बरोबर आहे, पण हा सगळा पसारा अंक कोणत्या क्रमाने ठेवायचे, या न घेतलेल्या निर्णयाचा आहे.

आता हाच क्रम एककापासून ठेवून पाहा. पहिली यादी ८, ३, ७, ४ अशी आणि दुसरी ५, ६, ९ अशी. ८ आणि ५ तेरा, ३ लिहा, हातचा १. मग ३, ६ आणि हातचा मिळून दहा, ० लिहा, हातचा १. मग ७, ९ आणि हातचा मिळून सतरा, ७ लिहा, हातचा १. शेवटी ४ आणि हातचा मिळून ५. उत्तराची यादी ३, ०, ७, ५ अशी होते, म्हणजे ५७०३. पॉइंटर, म्हणजे पुढच्या नोडचा पत्ता, ज्या दिशेला जातो त्याच दिशेला हातचा जातो, त्यामुळे काहीही उलटे करावे लागत नाही आणि मूळ याद्यांना हात लागत नाही. उलटे करायचे ते फक्त छापताना. तिथे 'आधी पुढचे नोड छाप, मग स्वतःचा अंक छाप' अशा रिकर्शनने, म्हणजे स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शनने, काम भागते. अंकांची संख्या लाखांत गेली तर स्टॅक, म्हणजे अशा बोलावण्यांसाठी राखलेली मेमरी, अपुरा पडू शकतो, हे मात्र ध्यानात असू द्या.

तुम्ही विचाराल की टाइप करताना तर मोठा अंक आधी येतो, मग एकक आधी कसा ठेवायचा? येणारा प्रत्येक अंक यादीच्या सुरुवातीला जोडा. ४ आला, त्याच्या आधी ७ बसला, त्याच्या आधी ३, त्याच्या आधी ८. शेवटचा अंक वाचून होतो तेव्हा यादी आपोआप एककापासून लागलेली असते. आणि सुरुवातीला नोड जोडणारे फंक्शन तुमच्या फाइलमध्ये लिहून तयार आहे! तुम्ही ते कुठेच वापरलेले नाही, म्हणून दादाने १७ व्या शेऱ्यात 'वापर नाही, काढून टाक' असे लिहिले आहे. त्याकडे शेवटी येतो.

इनपुट वाचण्याच्या तुमच्या पद्धतीत एक गंमत आहे आणि ती धोक्याचीही आहे. कितीही मोठ्या संख्येसाठी लिहिलेला हा प्रोग्रॅम ती संख्या आधी १०० अक्षरांच्या अ‍ॅरेमध्ये (ठरावीक लांबीच्या सलग जागेत) घेतो, तेही लांबी न तपासता. ९९ अंकांपर्यंत ठीक, कारण शंभरावी जागा स्ट्रिंग संपल्याची खूण ठेवायला लागते. त्याहून मोठ्या संख्येचा शेवट अ‍ॅरेबाहेरच्या मेमरीत लिहिला जातो. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या घातक प्रोग्रॅमने ज्या वाटा वापरल्या, त्यांतली एक हीच होती: लांबी न पाहता ओळ वाचणारे 'गेट्स' हे फंक्शन. ते पुढे सी भाषेच्या २०११ च्या मानकातून काढूनच टाकण्यात आले. तुम्हाला अ‍ॅरेची गरजच नाही. 'गेटकॅर'ने एकेक अक्षर वाचा, ते अंक असेल तर सुरुवातीला जोडा आणि ओळ संपली की थांबा. अक्षराचा अंक करताना तुम्ही ४८ वजा केले आहेत, तिथे ४८ न लिहिता एकेरी अवतरणातले शून्य लिहावे, हा दादाचा शेरा योग्य आहे. उत्तर तेच येते, पण वाचणाऱ्याला ४८ म्हणजे काय हे आठवत बसावे लागत नाही.

आता ते न लिहिलेले वाक्य. फाइलच्या अगदी वर, सगळ्या फंक्शनांच्या आधी, मराठीत लिहिले तरी चालेल, पण असे काहीतरी लिहा: 'संख्या म्हणजे नोडांची यादी, एककाचा अंक सर्वांत आधी, प्रत्येक नोडमध्ये ० ते ९ पैकी एक अंक, यादी कधीही रिकामी नसते, शून्य म्हणजे ० असलेला एकच नोड, आणि या शून्याखेरीज कोणत्याही यादीच्या शेवटच्या नोडमध्ये ० नसतो.' मग प्रत्येक फंक्शनने या वाक्यात बसणारी यादी घ्यायची आणि या वाक्यात बसणारीच यादी परत द्यायची, एवढाच नियम उरतो.

या वाक्याच्या उजेडात तुमचा 'उत्तर बरोबर येते' हा दावा तपासू. बेरजेबद्दल तो खरा आहे. तुमच्या बेरजेत मला चूक सापडली नाही आणि ९९९ अधिक १ मध्ये शेवटचा हातचा तुम्ही विसरलेला नाहीत, जो पहिल्यांदा लिहिणारे बहुतेक जण विसरतात. पण १००० वजा ९९९ केले की तुमचा प्रोग्रॅम ०००१ छापतो. आणि ५ वजा ८ केले की ७ छापतो! डावीकडच्या घरातून एक उसना घेतला, १५ मधून ८ गेले, ७ उरले. पण डावीकडे घरच नव्हते आणि घेतलेला उसना कोणी फेडलाच नाही. प्रॅक्टिकलला परीक्षकांनी मोठ्यातून लहान संख्या वजा करून पाहिली असेल आणि सही केली असेल, त्यात त्यांचेही काही चुकले असे मी म्हणणार नाही.

यावर दादाने सुचवलेला उपाय 'वजाबाकीआधी मोठी कोण ते तपास' असा आहे. तो करायला वरचे वाक्य फार उपयोगी पडते. शेवटी निरर्थक शून्ये नसतातच, म्हणून लांब यादी ती मोठी संख्या. लांबी सारखी असेल तर दोन्ही याद्या एककापासून एकत्र चालत जा आणि अंक वेगळे दिसले की 'आत्तापर्यंत पहिली मोठी' किंवा 'दुसरी मोठी' अशी नोंद ठेवा. पुढे पुन्हा वेगळे अंक दिसले तर जुनी नोंद पुसून नवी करा, कारण पुढचे घर नेहमीच जास्त वजनाचे असते. यादी संपताना जी नोंद उरेल तो निकाल. मग वजाबाकीचे फंक्शन नेहमी मोठ्यातून लहानच वजा करील आणि उणे चिन्ह वेगळे सांभाळले जाईल. त्यासाठी यादीचा पहिला पॉइंटर आणि चिन्ह असे दोन्ही ठेवणारे एक छोटे स्ट्रक्चर करा. शेवटची शून्ये काढायलाही एकच फंक्शन पुरते: यादीतून जाताना शून्य नसलेला शेवटचा नोड लक्षात ठेवायचा आणि त्याच्या पुढचे सगळे मोकळे करायचे, तसा एकही नोड सापडला नाही तर फक्त पहिला ठेवायचा.

बेरजेत तुम्ही तीन लूप लिहिले आहेत: दोन्ही याद्या असेपर्यंत एक, फक्त पहिली उरली तर दुसरा, फक्त दुसरी उरली तर तिसरा आणि शेवटी हातच्यासाठी वेगळी अट. चालते, पण हातच्याचा हिशेब तीनदा लिहिलेला आहे आणि उद्या एका ठिकाणी बदल करून दुसरीकडे राहून जाईल. 'पहिली यादी उरली आहे, किंवा दुसरी उरली आहे, किंवा हातचा शिल्लक आहे, तोपर्यंत' अशी अट घालून एकच लूप लिहा आणि संपलेल्या यादीचा अंक ० धरा.

गुणाकाराकडे जास्त लक्ष द्यावे लागेल. दुसऱ्या संख्येच्या प्रत्येक अंकासाठी तुम्ही एक नवी यादी बनवता, तिला शून्ये जोडता आणि एकूण बेरजेत मिळवता. वहीत आपण करतो तसेच. वहीत त्या मधल्या ओळी कागदावर राहतात, इथे मात्र त्या मेमरीत साचून राहतात. त्याऐवजी दोन संख्यांच्या अंकांची बेरीज जितकी होते तितक्या शून्यांची एकच यादी आधी तयार करा, कारण गुणाकाराचे अंक त्याहून जास्त कधीच होत नाहीत, आणि प्रत्येक जोडीचा गुणाकार थेट त्या यादीतल्या योग्य घरात मिळवत जा. तिथे हातचा हाताबाहेर जाईल अशी भीती वाटेल, ती बाळगू नका. घरात आधीपासून जास्तीत जास्त ९, नऊ नवे ८१ आणि मागचा हातचा जास्तीत जास्त ९, मिळून ९९. म्हणजे लिहायचा अंक ९ आणि पुढचा हातचाही ९. तो कधी दोन अंकी होत नाही. हे मला पहिल्यांदा उमगले तेव्हा फार बरे वाटले होते.

मेमरीचे आणखी ६ शेरे आहेत, त्यांतले चार म्हणजे 'मॅलॉकने नल दिले तर?' हा एकच प्रश्न चार ठिकाणी विचारलेला आहे, म्हणजे मागितलेली मेमरी मिळालीच नाही तर काय? नवा नोड बनवणारे एक फंक्शन लिहा, तपासणी त्यात करा, चारही एकदम मिटतील. पाचवा शेरा गंभीर आहे. यादी मोकळी करताना तुम्ही नोड 'फ्री' करता आणि त्यानंतर त्याच नोडमधून पुढचा पत्ता वाचता. वर्गात लिंक्ड लिस्टला लोकलच्या डब्यांची उपमा देतात आणि मला वाटते या चुकीचे मूळ तिथेच असावे, कारण डबे एकमेकांना लागून असतात, एक काढला तरी पुढचा रुळावर दिसतो. नोड तसे नसतात. एक मुलुंडला असतो तर दुसरा माहीमला, आणि माहीमचा पत्ता फक्त मुलुंडच्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो. तुम्ही चिठ्ठी फाडून टाकता आणि मग तिच्यावरचा पत्ता वाचू पाहता. तुमच्या संगणकावर तो अजून वाचता येतो, हा निव्वळ योगायोग आहे. पुढचा पत्ता आधी दुसऱ्या पॉइंटरमध्ये उतरवून घ्या, मग फ्री करा. लिनक्सवर हाच प्रोग्रॅम व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाखाली चालवलात तर ही ओळ आणि न सोडलेल्या सगळ्या प्रती, दोन्ही तो दाखवील. सहावा शेरा मेमरीच्या मालकीचा आहे: फंक्शनने परत दिलेली यादी बोलावणाऱ्याने मोकळी करायची आणि फंक्शनने आलेल्या याद्यांना हात लावायचा नाही, एवढे प्रत्येक फंक्शनच्या वर एका ओळीत लिहा.

पॉइंटरांच्या नावांबद्दल थोडक्यात सांगतो. टेम्प, टेम्प१, टेम्प२ आणि टेम्प३ यांतला कोण कोणाला दाखवतो, हे मला घाटकोपरपर्यंत समजत नव्हते. 'व्हॉइड मेन' आणि स्क्रीन पुसण्याची ओळ टर्बो सी या जुन्या कंपायलरमुळे आली असणार. जर्नलची प्रत तशीच राहू द्या, पण स्वतःची प्रत जीसीसी या आजच्या कंपायलरवर न्या. टर्बो सीमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक, १६ बिटांचा असतो, त्यात ३२७६७ नंतरची बेरीज उणे होते; मी शिकत असताना दादरच्या एका क्लासमध्ये एक अख्खी दुपार त्यात घालवली आहे.

दोन शेरे मला मान्य नाहीत. पहिला, 'लिंक्ड लिस्ट कशाला, अ‍ॅरे वापर.' नोकरीत हे अगदी खरे आहे. ६४ बिटांच्या संगणकावर तुमचा एक नोड १६ बाइटांचा होतो: अंकाला ४, पॉइंटरला ८ आणि ४ नुसतेच रिकामे. १०० च्या फॅक्टोरियलमध्ये (१ ते १०० च्या गुणाकारात) १५८ अंक असतात, त्यांना २५२८ बाइट लागतील, तर अक्षरांच्या अ‍ॅरेमध्ये १५८ पुरतील. पायथॉनसुद्धा मोठ्या पूर्णांकांचे तुकडे मेमरीत सलगच ठेवतो. पण तुमचा अभ्यासक्रम लिंक्ड लिस्टचा आहे आणि पॉइंटरशी झटापट करणे हाच या प्रोग्रॅमचा हेतू आहे, तेव्हा त्या शेऱ्याखाली हे कारण नम्रपणे लिहा. एका नोडमध्ये नऊ अंक ठेवण्याची त्याची सूचना मात्र सुंदर आहे. वरच्या वाक्यातले '० ते ९' बदलून '० ते ९९,९९,९९,९९९' करायचे. दोन नोड आणि हातचा यांची बेरीज १,९९,९९,९९,९९९ च्या पुढे जात नाही आणि ३२ बिटांच्या इंटमध्ये २,१४,७४,८३,६४७ पर्यंत मावते. गुणाकाराला मात्र ६४ बिट लागतील. छापताना सर्वांत डावीकडे येणारा सोडून प्रत्येक नोड नऊ अंकी रुंदीत, डावीकडे शून्ये भरून छापायचा, नाहीतर १,००,००,००,००५ ही संख्या १५ अशी छापली जाईल. पण हे सगळे दुसऱ्या फेरीत करा.

आधी तपासणी लिहा. ० अधिक ०, ९९९ अधिक १, १००० वजा ९९९, ५ वजा ८, ० गुणिले १२३४५ आणि १११११११११ चा वर्ग, ज्याचे उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१ येते. १०० च्या फॅक्टोरियलच्या शेवटी २४ शून्ये आली पाहिजेत. उत्तर माहीत नसलेल्या मोठ्या संख्यांसाठी आपला जुना नऊचा ताळा आहेच: ४७३८ च्या अंकांची बेरीज २२, म्हणजे ४, ९६५ चे २०, म्हणजे २, आणि ५७०३ चे १५, म्हणजे ६, म्हणजेच ४ अधिक २. यादीतून एकदा चालत गेले की ताळा निघतो. पण तुमच्या प्रोग्रॅमची मूळ दुखणी क्रमाची आहेत आणि नऊच्या ताळ्याला क्रम कळत नाही. उत्तर ३०७५ असे उलटे आले तरी तो ६ च देईल. म्हणून अकराचा ताळाही घ्या: एककापासून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. ४७३८ चे ८, ९६५ चेही ८, बेरीज १६, म्हणजे ११ काढून ५, आणि ५७०३ चेही ५ येतात. ३०७५ चे मात्र उणे ५, म्हणजे ११ मिळवून ६. चूक सापडली. अंकांची संख्या विषम असेल तर उलटी यादी हाही ताळा पकडत नाही, म्हणून ठरलेल्या उत्तरांची उदाहरणे सोडू नका.

मग तुमची फाइल 'जुनी' म्हणून ठेवा, नवी उघडा, वर ते वाक्य लिहा आणि एकेक फंक्शन वाक्याला तपासून आत घ्या. बेरीज आली की चाचण्या, वजाबाकी आली की चाचण्या. याला नव्याने लिहिणे म्हणायचे की दुरुस्ती, हे तुम्ही ठरवा; निम्म्याहून अधिक ओळी तुमच्या जुन्याच असतील.

दादाला उत्तर देताना प्रत्येक शेऱ्याखाली 'केले' किंवा न करण्याचे कारण लिहा. नवव्या शेऱ्यात त्याने नुसते 'हे काय आहे?' असे लिहिले आहे, त्याखाली काही लिहू नका. त्यात दोष सांगितलेला नाही आणि उपायही नाही. आयबीएममधल्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये कोड तपासणीची जी रीतसर पद्धत मांडली, तिच्यात तपासणीच्या बैठकीचे काम चुका शोधण्यापुरतेच ठेवले होते. तो शेरा त्यातही बसत नाही. आणि सतराव्या शेऱ्याखाली, तो मला मान्य नसलेला दुसरा, एवढेच लिहा: 'दादा, हे फंक्शन ठेवले आहे. आता इनपुट त्यातूनच येते.'